शेष आणि अनागत

एका स्तनात कर्करोग आढळल्यावर दुसरा, पूर्ण निरोगी असलेला स्तनही काढून टाकावा काय, हा प्रश्न वरवर पाहता शल्यचिकित्सेचा आहे. परंतु ज्या अवयवात गाठ नाही, वेदना नाही, सोनोग्राफीत वा मॅमोग्राफीत काही सापडलेले नाही, तो अवयव उद्याच्या भयाने देहापासून वेगळा करणे ही कृती वैद्यकाच्या हद्दीत मावत नाही. देह कोणाचा, तो किती राखावा आणि किती सोडावा, जे दुःख अजून आलेले नाही त्याच्याशी माणसाने कसे वागावे, या धर्मविचारातील जुन्या प्रश्नांना ती थेट जाऊन भिडते. वैद्यकात या शस्त्रक्रियेला विरुद्ध बाजूचा प्रतिबंधक स्तनछेद म्हणता येईल: ‘विरुद्ध बाजूचा’ म्हणजे मूळ रोग नसलेल्या बाजूचा, आणि ‘प्रतिबंधक’ म्हणजे रोग होऊ नये म्हणून आधीच केलेला.

या प्रश्नाचा विचार मावळाच्या भूमीवरून करण्याला कारण आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात पातंजल योगाचे अध्ययन शंभर वर्षे चालू आहे. इंदोरीजवळचा भंडारा डोंगर तुकारामांच्या एकांतचिंतनाची जागा म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. आणि कार्ल्याच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंनी कित्येक पिढ्या वर्षावास केला. देहाकडे पाहण्याच्या तीन भिन्न दृष्टी एकाच तालुक्यात, एकमेकींपासून काही कोसांवर नांदल्या, आणि त्यांपैकी एकीनेही देहाला निव्वळ मालमत्ता मानले नाही किंवा निव्वळ कचराही मानले नाही.

निरोगी स्तन काढून घेण्याची प्रवृत्ती वाढली ती प्रामुख्याने अमेरिकेत. तेथे १९९८ साली एका बाजूच्या कर्करोगासाठी पूर्ण स्तन काढून घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४ टक्के स्त्रियांनी निरोगी बाजूही काढून घेतली. २००३ पर्यंत हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले आणि पुढच्या दशकात ते वाढतच राहिले. युरोपातील बऱ्याच देशांत अशी लाट दिसली नाही, यावरून रोगाच्या स्वरूपापेक्षा समाजाच्या मनःस्थितीचा आणि आरोग्यव्यवस्थेचा वाटा यात मोठा असावा, असे अनुमान निघते. स्तनाची पुनर्रचना करणारी प्लॅस्टिक सर्जरी सुधारली; दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा भार १९९८ च्या अमेरिकी कायद्याने विम्यावर टाकला; एमआरआयसारख्या सूक्ष्म तपासणीत निरोगी बाजूलाही शंकास्पद ठिपके दिसू लागले; आणि २०१३ च्या मे महिन्यात अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी आपले दोन्ही स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा हा विषय वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. जोली यांना कर्करोग झालेला नव्हता आणि त्यांच्या अंगी आनुवंशिक जनुकदोष होता, हे दोन तपशील मात्र त्या बातमीच्या प्रवासात पुष्कळदा गळून पडले.

विलक्षण गोष्ट अशी की, ही वाढ ज्या काळात झाली त्याच काळात शल्यशास्त्र उलट्या दिशेने, म्हणजे कमी कापण्याकडे, चालले होते. अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ च्या आपल्या अहवालात ज्या पद्धतीचा पुरस्कार केला, तीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी हे सारे एकत्र काढले जाई; पाण्यात खडा पडल्यावर तरंग जसे कडेकडेने पसरतात तसा कर्करोग स्तनातून टप्प्याटप्प्याने बाहेर जातो, म्हणून जितके रुंद कापावे तितके सुरक्षित, ही तिच्यामागील धारणा होती. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी केलेल्या चाचण्यांनी, ज्यांचा वीस वर्षांचा पाठपुरावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, ही धारणा मोडून काढली: लहान गाठ तेवढी काढून उरलेल्या स्तनावर किरणोपचार केले तरी स्त्रिया तितक्याच जगतात, कारण त्यांचे आयुष्य ठरते ते रोग आधीच रक्तावाटे दूर गेला आहे की नाही यावर. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर केलेली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याच विचारातील पुढचा टप्पा होय. निदानाच्या वेळीच ज्यांचा रोग शरीरभर पसरलेला आहे अशा स्त्रियांत स्तनातील मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे तिने दाखवले. म्हणजे रोगग्रस्त स्तन काढण्यालाही मर्यादा आहेत हे शास्त्राला उमगत असताना रोग नसलेला स्तन काढण्याची मागणी चढत गेली.

या विसंगतीचे मूळ असे की, येथे दोन भये एकमेकांत मिसळलेली आहेत. पहिले भय असे की, ज्या बाजूला रोग झाला त्याचा काही अंश, डोळ्यांना आणि यंत्रांना न दिसणारा, हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात आधीच जाऊन बसला असेल आणि तो पुढे डोके वर काढील. दुसरे भय असे की, निरोगी बाजूला सर्वस्वी नवा कर्करोग उद्भवेल. स्त्रीचा जीव बहुतांशी पहिल्याच्या हाती असतो; निरोगी स्तन काढल्याने टळते ते दुसरे. शास्त्रग्रंथांतील दोन शब्द या दोन भयांना नेमके लागू पडतात: पहिल्याला ‘शेष’ म्हणावे, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचा मागे राहिलेला अंश, दुसऱ्याला ‘अनागत’ म्हणावे, म्हणजे जे अद्याप आलेलेच नाही ते. अमेरिकेतील रुग्णनोंदींवरून केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात फक्त गाठ काढलेल्या, एक स्तन काढलेल्या आणि दोन्ही काढलेल्या अशा तीन गटांत प्रत्येकी ३६ हजारांहून अधिक स्त्रियांची तुलना करण्यात आली. ज्यांचा दुसरा स्तन शाबूत होता त्यांच्यात वीस वर्षांत त्या बाजूला कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के निघाले आणि दोन्ही काढलेल्यांत ते फारच घटले. मात्र स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वीस वर्षांअखेर तिन्ही गटांत जवळजवळ सारखे, १६ ते १७ टक्क्यांच्या घरात राहिले. अनागत टळले, शेष जसा होता तसाच राहिला.

ही गोष्ट स्त्रियांना कळत नाही असेही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तरुण वयात कर्करोग झालेल्या आणि निरोगी बाजूही काढून घेतलेल्या स्त्रियांना कारणे विचारली असता, ९४ टक्के स्त्रियांनी आयुष्य वाढावे हे फार महत्त्वाचे कारण असल्याचे सांगितले. अशा शस्त्रक्रियेने आयुष्य खरोखर वाढते असे मात्र त्यांपैकी अवघ्या १८ टक्के स्त्रियांना वाटत होते. ठाऊक असलेले एक आणि हातून होणारे दुसरे, ही स्थिती अज्ञानाच्या सदरात घालून मोकळे होता येत नाही. तिच्यासाठी मनाच्या शास्त्राकडे वळावे लागते.

त्याआधी ‘शेष’ या कल्पनेचा मराठी मनावरील पगडा ध्यानात घेतला पाहिजे. ऋण, अग्नी, शत्रू आणि रोग यांचा अंशही मागे ठेवू नये, हे सुभाषित संस्कृत न जाणणाऱ्यालाही अर्थरूपाने ठाऊक असते, आणि दवाखान्यात ‘एकदाचं काढून टाका डॉक्टर, मागे काही ठेवू नका’ असे जे वाक्य ऐकू येते ते त्याचेच बोलीतले रूप होय. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी, म्हणजे खोल रुजलेल्या मांसल गाठीविषयी, असेच सांगितले आहे की अंश मागे राहिला तर अर्बुद पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे. निदानस्थानात तर एकाच वेळी किंवा एकामागून एक अशा जोडीने उद्भवणाऱ्या अर्बुदाला ‘द्विरर्बुद’ असे वेगळे नाव देऊन ते असाध्य मानले आहे. सुश्रुताचे अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. तरीही त्या ग्रंथाने शेषाचा विचार रोग असलेल्या जागेविषयी केला, रोग नसलेल्या अंगाला तो लावला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुभाषित खरे आहे, पण निरोगी स्तनाकडे बोट दाखवून ते म्हटले की त्याचा नेम चुकतो. आगीचा शेष राखेत असतो. शेजारचे न पेटलेले घर पाडल्याने तो विझत नाही. कर्करोगाच्या शेषावरचा उपाय म्हणजे केमोथेरपी, आणि ज्या गाठी स्त्रीसंप्रेरकांवर वाढतात त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या. या गोळ्या पाच वर्षे नियमाने घेतल्यास दुसऱ्या बाजूच्या नव्या कर्करोगाची शक्यताही एक-तृतीयांशाहून अधिक घटते, ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या चर्चेत फारशी कोणी काढत नाही.

‘अनागता’चा विचार लोणावळ्याला नेतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या पोकळीत काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासून पाहणाऱ्या स्वामींची ही संस्था असल्यामुळे, पतंजलीचे सूत्र आणि रुग्णाचा देह एकत्र ठेवून पाहणे त्या आवारात परके ठरत नाही. साधनपादातील एका सूत्राचा आशय असा की, जे दुःख अजून आलेले नाही तेच टाळण्याजोगे होय. भाष्यकार व्यास त्याची उपपत्ती देतात: मागचे दुःख भोगून संपले, या क्षणाचे भोगले जातच आहे, तेव्हा टाळता येण्यासारखे उरते ते पुढचेच. एवढेच वाचून थांबले तर प्रतिबंधक शस्त्रक्रियेला याहून भक्कम आधार शोधूनही सापडणार नाही.

परंतु लगेच पुढच्या सूत्रात या टाळण्याजोग्या दुःखाचे कारण दिले आहे, आणि ते कारण देहाचा कोणताही अवयव नसून पाहणारा आणि पाहिले जाणारे यांचा संयोग, म्हणजे ‘हा देह तोच मी’ अशी पडलेली गाठ, हे आहे. या दोन्ही सूत्रांच्या आधीच्या सूत्रावरील भाष्यात व्यासांनी वैद्यकाचाच दाखला घेतला आहे: चिकित्साशास्त्राचे जसे रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध असे चार भाग, तसेच मोक्षशास्त्राचेही. या मांडणीचा रोख असा की, कारण निश्चित केल्यावाचून औषध योजू नये. मृत्यूच्या भयाने निरोगी स्तन काढला जातो तेव्हा औषध एका कारणावर आणि रोग दुसऱ्याच कारणाचा, अशी चुकामूक होते. या भयालाही पतंजलीने नाव दिले आहे. ‘अभिनिवेश’ म्हणजे जगण्याला घट्ट चिकटून राहण्याची उपजत ओढ. पाच क्लेशांत तिची गणना करून, ती जाणत्यालाही सुटत नाही, असे सूत्रकाराने बजावले आहे. ९४ आणि १८ या आकड्यांच्या मधली जागा अभिनिवेशाने व्यापलेली आहे. म्हणून तशा स्त्रीला अडाणी ठरवणे हा वैद्यकाचाच नव्हे, योगशास्त्राचाही अडाणीपणा होईल.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी कामशेतवरून खाली येते आणि इंदोरी ओलांडून देहूकडे वळते, तेथे भंडारा डोंगर उभा आहे. या डोंगरावर तुकारामांनी ज्ञानेश्वरीची आणि एकनाथी भागवताची पारायणे केली, असे परंपरा सांगते. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ‘अहिंसा’ या लक्षणाचा विस्तार आहे, आणि तेथे हिंसेच्या मार्गाने धर्म साधू पाहणाऱ्या कर्मकांडावर टीका करताना ज्ञानेश्वरांनी ज्या प्रतिमा योजल्या आहेत त्या प्रस्तुत प्रश्नाच्या इतक्या जवळ आहेत की त्यांपाशी थोडे थांबलेच पाहिजे. झाडाच्या फांद्या तोडून त्यांचेच कुंपण बुंध्याला घालावे. भुकेची पीडा टळावी म्हणून स्वतःचाच हात तोडून शिजवावा. देऊळ मोडून त्याच्याच दगडांनी देवाभोवती आवार बांधावे, अशा त्या प्रतिमा आहेत. तेथून ज्ञानेश्वर आयुर्वेदाकडेही वळतात, आणि एका जीवासाठी दुसऱ्या जीवाचा घात करणारे, वनस्पती मुळासकट उपटणारे, साली सोलणारे, कढवणारे शास्त्र म्हणून त्यालाही सोडत नाहीत. वैद्यकावर इतकी तिखट नजर मराठी संतवाङ्मयात अन्यत्र क्वचितच दिसते.

तिन्ही प्रतिमांचे मर्म एक आहे: जे राखायचे आणि जे तोडायचे ते एकाच वस्तूचे अंग असल्यामुळे राखणच राखलेल्याला खाते. निरोगी स्तनाच्या छेदाला ही प्रतिमा जशीच्या तशी लावणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ज्ञानेश्वरांचा रोख यज्ञात आणि औषधात मारल्या जाणाऱ्या इतर जिवांकडे आहे, आणि स्तनाला वेगळा जीव नाही. शिवाय फांदी तोडणारा प्रत्येक जण झाडाचा वैरी नसतो. माळीही छाटणी करतो, आणि छाटलेल्या झाडाचा बुंधा बळावतो. तेव्हा प्रतिमेने उभा केलेला प्रश्न शेवटी वस्तुस्थितीचा ठरतो: ही छाटणी आहे की हे कुंपण आहे, म्हणजे तोडण्याने बुंध्याचे आयुष्य वाढते की नाही. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ते वाढत नाही, हे वर दिलेल्या आकड्यांवरून दिसते.

१५७३ साली काशीत पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतात नरदेहाविषयी जो निवाडा आहे तो याला पूरक आहे. देह ओंगळ म्हणून टाकावा तर मोक्षाच्या सुखाला मुकावे लागते, आणि चांगला म्हणून भोगावा तर अधोगती ठरलेली. म्हणून तो टाकूही नये आणि भोगूही नये, साधनेत राबवावा, असा त्याचा आशय आहे. ‘हाडामांसाचा देह, काढला एखादा भाग तर काय बिघडलं’ असे म्हणणारे नातेवाईक आणि ‘बाईपणच गेलं’ असे म्हणणारे नातेवाईक, हे दोघेही एकनाथांच्या निवाड्याबाहेर पडतात.

कार्ल्याच्या चैत्यगृहात देहाचा तिसरा विचार दगडातच कोरलेला आहे. आत सदतीस खांब असलेल्या या लेण्यात वेगवेगळ्या गावच्या दात्यांची, त्यांत धेनुकाकटच्या यवनांचीही, नावे खांबांवर कोरलेली सापडतात. आणि दर्शनी भिंतीवर, दरवाजांच्या मधल्या जागेत, पुरुषभर उंचीची दांपत्ये उभी आहेत. त्यांतील स्त्रियांच्या पायांत जाडजूड वाळे आहेत, कानांत जड कुंडले आहेत, कमरेला मेखला आहे, आणि त्यांची उघडी, भरलेली छाती ही लाजेची गोष्ट नसून सुबत्तेची खूण आहे. ही भिंत ओलांडून आत जाणारा भिक्षू मात्र केस, नखे, दात, त्वचा असे देहाचे एक एक अंग वेगळे काढून त्याचे अशुभत्व मनात घोळवणाऱ्या साधनेचा वारसदार होता. बाहेर देहाचा गौरव आणि आत देहाचे विघटन, आणि दोहोंच्या मध्ये एकच दरवाजा, हे कार्ल्याचे वैशिष्ट्य अभ्यासकांनी कलेच्या अंगाने पुष्कळ सांगितले आहे. त्यातला देहविचार त्या मानाने दुर्लक्षित राहिला.

बौद्ध वाङ्मयात निरोगी स्तन कापून देणाऱ्या स्त्रीची कथाही आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत कथासंग्रहातील रूपावती उपासमारीने वेड्या झालेल्या एका बाळंतिणीला पाहते. ती बाई आपलेच नवजात मूल खायला निघालेली असते, अन्न आणायला जावे तर तेवढा वेळ उरलेला नसतो, तेव्हा रूपावती आपले दोन्ही स्तन कापून तिला खायला देते, आणि पुढे सत्यवचनाच्या बळाने ते पूर्ववत होतात. कथा भीषण आहे आणि ती अनुकरणासाठी सांगितलेली नाही. पण तिच्यातील नीतीचा हिशेब स्वच्छ आहे. संकट समोर आहे, दुसरा उपाय नाही, कापल्याने जीव वाचतो हे निश्चित आहे, आणि वाचणारा जीव दुसऱ्याचा आहे. प्रतिबंधक छेदात या चारांपैकी एकही गोष्ट खात्रीची नसते. कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे आणि कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा अनेक समाजांतील कुटुंबे तेथे नवस फेडायला येतात. नवसात आधी मागणे असते आणि पदरी पडल्यावर फेड असते, या शस्त्रक्रियेत फेड आधी होते आणि पदरी काय पडले ते वीस वर्षांनी कळते.

दुसऱ्या धर्मपरंपरांपैकी कॅथलिक नीतिशास्त्राने या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार केला आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अवयव हा संपूर्ण देहासाठी असतो, म्हणून देहाच्या रक्षणासाठी अवयवाचा त्याग करता येतो, असे मांडले. त्यालाच पुढे समग्रतेचे तत्त्व म्हणू लागले. ऑक्टोबर १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी मूत्रविकारतज्ज्ञांसमोर बोलताना त्याचा विस्तार केला. प्रोस्टेटच्या कर्करोगात निरोगी वृषणे काढावी काय, असा तो प्रश्न होता, आणि त्यांचे उत्तर असे की, अवयव स्वतः रोगी आहे की नाही यावर निर्णय अवलंबून नाही; तो राखल्याने संपूर्ण देहाला गंभीर धोका असला पाहिजे, तो धोका दुसऱ्या उपायाने टळण्याजोगा किंवा बराच कमी होण्याजोगा नसला पाहिजे आणि छेदाचा गुण खात्रीचा असला पाहिजे, आणि होणारी हानी लाभाने भरून निघेल अशी वाजवी अपेक्षा असली पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वीच्या या अटी आजच्या शल्यचिकित्सकाच्या टेबलावर ठेवण्याइतक्या व्यवहार्य आहेत; धर्मपीठाच्या सगळ्याच वचनांविषयी असे म्हणता येत नाही.

या अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रिया आहेत. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके पेशींतील बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याच्या कामी येतात, आणि त्यांत जन्मतः दोष असलेल्या स्त्रीला एका बाजूचा कर्करोग झाल्यावर वीस वर्षांत दुसऱ्या बाजूला तो होण्याची शक्यता पहिल्या जनुकाच्या बाबतीत सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याच्या बाबतीत सुमारे २६ टक्के असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. आई, मावशी, बहीण यांना तरुणपणी स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला असणे ही अशा दोषाची खूण असू शकते. अशा स्त्रीच्या बाबतीत अनागत हे नुसते भय राहत नाही. ते दाराशी आलेले असते, आणि तिने निरोगी स्तन काढून घेतला तर ती माळ्याची छाटणी ठरते. एकूण स्तनकर्करोगांत आनुवंशिक दोषातून होणारे कर्करोग मात्र १० टक्क्यांच्या आतबाहेर आहेत. उरलेल्या सर्वसाधारण धोक्याच्या स्त्रियांना या शस्त्रक्रियेपासून परावृत्त करावे, अशी भूमिका अमेरिकेतील स्तनशल्यचिकित्सकांच्या संघटनेनेच २०१६ मध्ये घेतली.

तरीही एखादी स्त्री सर्व ऐकून, समजून निरोगी स्तन काढून घेते तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला पोचतो, हे सांगणे कठीण आहे. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाणे, मॅमोग्राफीचा अहवाल हाती येईपर्यंत जेवण न जाणे, अंघोळ करताना बोट नको तेथे थबकणे, हे दुःख अनागत नाही, ते चालू आहे. एक स्तन गेल्यावर ब्लाउजमध्ये एका बाजूला कापसाची उशी ठेवून वावरणाऱ्या स्त्रीला दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात असे वाटणे हाही काही क्षुद्र विचार नव्हे. मात्र त्या स्त्रीला दुसऱ्या बाजूची किंमतही तितक्याच स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे: भूल अधिक वेळ, जखमेतील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंना, जखम चिघळण्याचा धोका वाढलेला, त्यामुळे केमोथेरपी लांबली तर खऱ्या शेषावरचा उपायच उशिरा, आणि छातीच्या त्वचेची गेलेली जाणीव पुष्कळदा पूर्णपणे परत येत नाही. शांतीसाठी हे मोल देणे हा तिचा निर्णय आहे. तो जीव वाचवण्याचा उपाय म्हणून तिच्या गळी उतरवणे ही फसवणूक आहे, मग ती कितीही सदिच्छेने केलेली असो.

मावळात हा प्रश्न अजून वेगळ्याच टोकाला आहे. आंदर, नाणे आणि पवन मावळातील भातलावणीत अडकलेली बाई गाठ दुखत नाही म्हणून ती सांगत नाही, आणि सांगते तेव्हा एक स्तन वाचवण्याची वेळही निघून गेलेली असते, निरोगी स्तनाचा प्रश्न तर दूरच. जागतिक अंदाजांनुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. वळवणच्या धरणाचे पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून ज्या मुंबईला वीज देत आले, त्याच मुंबईत टाटांच्या विश्वस्तनिधीने १९४१ साली परळला कर्करोगाचे रुग्णालय उघडले, आणि तेव्हापासून घाट उतरून रुग्णही तिकडे जात राहिले. त्याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांना सामावून घेणारी चाचणी केली, जीत यंत्र नव्हते. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या तपासणीमुळे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. अनागत टाळण्याचा हा मार्ग कोणतेही अंग मागत नाही.

लोणावळ्याहून वा तळेगावहून पुण्याला किंवा परळला जाणाऱ्या रुग्ण स्त्रीने, आणि तिच्यासोबत गेलेल्या मुलाने वा जावेने, डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: झालेला रोग अंगात कोठे राहिला असण्याची शक्यता किती, आणि दुसऱ्या बाजूला नवा रोग होण्याची शक्यता किती. डॉक्टरांनी त्यांची उत्तरे केसपेपरवर दोन वेगळ्या ओळींत, आकड्यांत आणि मराठीत लिहून द्यावीत, आणि निरोगी स्तनाविषयीचा निर्णय त्या दोन ओळी घरी नेऊन वाचून झाल्यावरच घेतला जावा.